मागून येणारी चाल

“मी फुडं होतो, तुमी या.”

कुठूनही निघताना काका हे म्हणायचे. मागून कोणी येणारं असो वा नसो. पाण्याचा रिकामा जार खांद्यावर टाकून क्लासच्या दारातून बाहेर पडतानाही म्हणायचे, वळून न बघता. मी कुठेही जाणार नसायचे. मुलं खुदकन हसायची. एकदा एका मुलीने विचारलंच, “काका, आम्ही कुठे यायचं?”

“तोंडात बसलंय गं ते. तू बस, शिक.”

शेलूला स्टेशनजवळच्या नव्या इमारतीत, तळमजल्याच्या गाळ्यात माझा कॉम्प्युटर क्लास आहे. वर्षभर टायपिंग आणि हिशेबाचे कोर्स चालतात. सुट्टीत लहान मुलांसाठी मी काठीच्या माणसांचं अॅनिमेशन शिकवते. गोल डोकं, एक रेघ धडाची, दोन हातांच्या, दोन पायांच्या. चित्रकला येत नसली तरी चालतं. काका पोशीरचे. खालापूरकडच्या एका कारखान्यात नोकरी झाली, मग त्यांनी जुना टेंपो घेतला आणि इमारतींमधून जार पोचवायला लागले. घरची थोडी भातशेती होती. ती नवरा-बायको मिळून करत.

त्या दोघांना मी नेरळच्या बाजारात बऱ्याचदा पाहिलं होतं. काका हात हलवत पुढे, आणि बऱ्याच अंतरावर मागे डोक्यावर पाटी घेतलेली काकू. तुम्हीही अशी जोडपी पाहिली असतील, त्यात नवल नाही. बांधावरून दोन माणसं शेजारी-शेजारी चालूच शकत नाहीत. पण बांध संपून डांबरी सडक लागली तरी आमच्याकडे ही रांग मोडत नाही. काका चौकात पोचून पानवाल्याशी बोलून घ्यायचे, तोवर काकू यायची. ती आली की हे परत पुढे.

काकू गेली. दुखणं खुब्याच्या हाडात होतं आणि कळलं तेव्हा ते सगळीकडे पसरलेलं होतं. मुंबईच्या डॉक्टरांनी विचारलं, इतके दिवस काय करत होतात? काका मला हे सांगताना म्हणाले, “काय करत होतो म्हंजे? ती कदी बोललीच नाय, मॅडम. एक शब्द नाय.” जार जागेवर ठेवला, कपाळ पुसलं आणि म्हणाले, “मी फुडं होतो.” त्या दिवशी मुलं हसली नाहीत.

त्यानंतर दिवाळीच्या सुट्टीच्या बॅचमध्ये एकदा जार ठेवून काका गेलेच नाहीत. मुलांच्या पडद्यांकडे बघत उभे राहिले.

“हे कुणालाबी चालवता येतं?”

“कुणालाही.”

“बाईमाणसाला?”

“काठीच असते काका. बाई म्हटलं की बाई.”

“मंग मला शिकवा.”

मी म्हटलं, मुलांच्यात बसावं लागेल. म्हणाले, बसतो की.

विद्यार्थी म्हणून ते अवघड होते, हे सांगायला हवं. माउस सरकवताना त्यांचं अख्खं अंग सरकायचं. क्लिक केल्यावर दुसऱ्या हाताने टेबल धरून ठेवायचे, जणू ते पळून जाईल. पडद्यावरच्या काठीला दटावायचे, “हल की रं!” त्यांनी पहिल्यांदा चालवलेला माणूस पाय फाकवून नुसताच पुढे गेला. शेजारची मुलगी म्हणाली, “काका, तुमचा माणूस हातगाडीवर उभा आहे.”

“उभा ऱ्हाऊ दे. दमला आसंल.”

मग मी त्यांना मुलांना सांगते तेच सांगितलं. जमिनीची एक रेघ काढा. जो पाय रेघेवर टेकलाय तो जागचा हलता कामा नये. त्याच्यावरून अंग पुढे जातं, मग दुसरा पाय येतो. डोकं एका उंचीवर राहत नाही. पाय फाकले की खाली येतं, पाय जवळ आले की वर जातं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे मधली चित्रं. सुरुवातीचं आणि शेवटचं चित्र आधी ठरवायचं, मग मधली भरायची. ती सारख्या अंतरावर भरली की माणूस यंत्रासारखा चालतो. निघताना आणि थांबताना चित्रं जवळजवळ घ्यायची, मध्ये लांब लांब.

काका रोज जार पोचवून झाले की यायचे. उन्हाने तापलेले, शर्ट पाठीला चिकटलेला. हळूहळू त्यांचा माणूस गाडीवरून उतरला. मग पाय टेकायला लागला. मग एके दिवशी छान, सलग, पाण्यासारखा चालला. मुलांनी टाळ्या वाजवल्या. काठीच्या डोक्यावर त्यांनी एक आडवी रेघ ठेवली होती. ती पाटी.

मी म्हटलं, “झालं की काका.”

ते बघत राहिले. मग म्हणाले, “झालं. पर ही कुणीबी बाई हाय.”

तेव्हा त्यांनी नीट सांगितलं. पोरीच्या मोबाइलमध्ये आईचे फोटो होते, व्हिडिओ होते. पण सगळ्यांत ती बसलेली, उभी, नाहीतर पंगतीत वाढताना कमरेपर्यंत. कॅमेरा दिसला की ती उभीच राहायची, पदर सारखा करत. चालताना एकात नव्हती. आणि काकांना ती चालताना बघायची होती, एकदा. बाकी काही नाही.

“मग तुम्ही सांगा ना, कशी चालायची? हात कसे असायचे? पावलं छोटी की मोठी?”

काकांनी डोळे बारीक केले. मला वाटलं, आठवतायत. मग म्हणाले, “मला काय म्हाईत? मी कायम फुडं. ती मागनं.”

एवढा संसार झाला, पोरगी लग्न होऊन पनवेलला गेली, आणि या माणसाने आपल्या बायकोला चालताना पाहिलं नव्हतं. तो वाईट नवरा नव्हता. तिच्या दुखण्यात त्याने टेंपो विकायला काढला होता. फक्त मागे वळून बघायचं कारण कधी पडलं नव्हतं, कारण ती येतच असायची.

“आवाज म्हाईत हाय,” ते म्हणाले. “चपलंचा. त्यो कानात हाय.”

आणि त्यांनी टेबलावर हात आपटून दाखवला. एकदा तळवा आपटला, मग तोच तळवा टेबलावरून ओढला. फट्... सर्र. फट्... सर्र. डोळे मिटून. मुलं आपापलं काम सोडून ऐकत होती.

“या आवाजावर तिला चालवता येईल?”

येतं. हे काही अवघड नाही. पाऊल कधी पडतं ते आवाजाने ठरलं की त्या त्या जागी पायाची चित्रं बसवायची आणि मधलं भरायचं. मी मोबाइलवर त्यांचा तो हात रेकॉर्ड करून घेतला. डाव्या पायाला फट्, उजव्याला सर्र. काका कामाला लागले. मध्ये मध्ये हसायचे सुद्धा. “मी ओरडायचो तिच्यावर. पाय उचलून चाल की गं, चपला झिजतात! तर म्हनायची, तुमी व्हा फुडं, मी येते. ऐकायची नाय कदी.”

मधली चित्रं भरायला मी त्यांना मदत केली. आणि भरता भरता माझ्या लक्षात यायला लागलं. काठीच्या माणसाला लपवता येत नाही. त्याला लुगडं नसतं, पदर नसतो, चेहरा नसतो. उजवा पाय घासत आणायचा तर अंगाला डाव्या पायावर जास्त वेळ उभं राहावं लागतं. उजव्यावर ते टेकतं न टेकतं तोच परत डावीकडे येतं. धडाची रेघ एका बाजूला कलते. डोक्यावरची पाटी पडू नये म्हणून मान उलट बाजूला जाते. आम्ही यातलं काही ठरवलं नव्हतं. आवाज जुळवला तशी रेघांना दुसरी वाटच राहिली नाही.

काकांनी बटण दाबलं. बाई चालायला लागली. पडद्याच्या एका कडेने यायची, दुसऱ्या कडेने जायची, परत यायची. चाल सलग होती, कुठेही झटका नव्हता. बाजारात लांबून येणारी काकू मला एकदम ओळखू आली.

काका पुढे झुकून बघत होते.

“मॅडम, ही लंगडतीय.”

मी ती पहिल्यापासून पुन्हा चालवली.

“तुमच्याकडनं काय चुकलं का?”

“नाही काका.”

“मंग माज्याकडनं?”

मशीन आहे, बिघडतं कधीकधी, असं म्हणता आलं असतं. मी म्हटलं, “तुम्ही आवाज दिला, तसंच आहे सगळं.”

ती परत आली. परत गेली. काकांनी हात पुढे केला आणि पडद्याला बोट लावलं, तिच्या उजव्या पायाशी. बाई बोटाखालून निघून गेली.

“कदीपासनं ऐकत होतो मी हे,” ते म्हणाले. “कदीपासनं. मला वाटायचं, तिची सवय.” मग खूप हळू, “मी म्हनायचो, पाय उचल.”

मी मुलांना लवकर सोडलं. पाण्याचा ग्लास आणून ठेवला. त्यांनी तो घेतला नाही. रडलेही नाहीत. उठले, चप्पल घातली आणि काही न म्हणता दारातून गेले. मला ते वाक्य ऐकायची इतकी सवय झाली होती की मी थोडा वेळ वाट बघत बसले.

पुढचे काही दिवस जार दुसराच माणूस टाकून जायचा. मग काका आले. दाढी वाढलेली, पण कामाच्या तयारीने. खुर्ची ओढून बसले.

“मॅडम, हिच्या फुडं अजून एक मानूस पायजे.”

“कोण?”

“मीच की.”

त्यांनी तो काढला. तिच्यापासून चांगला लांब, पाठमोरा. पण तो पाठमोरा आहे हे त्यांना आणि मलाच माहीत. काठीच्या माणसाचं डोकं म्हणजे नुसता गोल. “याला मागं बघायला लावा,” ते म्हणाले. मी म्हटलं, काका, ते दिसणार नाही. गोल फिरवला तरी गोलच. तोंड कुठे आहे त्याला?

त्यांनी विचार केला. “मंग?”

“मग त्याला मागे तिच्याकडे चालत यावं लागेल. तेव्हाच कळेल.”

“येऊ दे,” काका म्हणाले.

तिची चाल सुधारायची का, असं मी विचारलं. पाय सरळ करता आला असता, मोजक्या चित्रांचं काम होतं. त्यांनी मान हलवली. “नको. ती तशीच येत होती.” तिला त्यांनी फक्त थांबवलं, सगळा भार डाव्या पायावर देऊन. आणि त्या माणसाला ते रोज थोडं थोडं मागे आणायला लागले. त्याची चाल मात्र वाईट होती. पाय घसरायचे, डोकं हालायचं, हात भलतीकडे जायचे. मी दुरुस्त करायला गेले की म्हणायचे, “त्याचं ऱ्हाऊ द्या. त्याला नीट चालायची काय गरज हाय? पोचला म्हंजे झालं.”

“आणि पोचल्यावर काय करायचं? शेवटचं चित्र आधी ठरवायचं असतं, सांगितलंय मी.”

“बगू. तिथं गेल्यावर सुचंल.”

थंडी सुरू झाली तेव्हा एका सकाळी जार भरायच्या ठिकाणी, टेंपोत बसल्या जागी काका गेले. मागून हॉर्न वाजत राहिले, मग कोणीतरी जाऊन बघितलं. पोशीरला मी दहाव्याला जाऊन आले. पोरगी खूप रडत होती. तिला मी फाइलबद्दल काही सांगितलं नाही. अजून सांगितलेलं नाही.

फाइल क्लासमधल्या कोपऱ्यातल्या मशीनवर आहे. कधीतरी मुलं गेल्यावर मी ती उघडते. बाई पाटी घेऊन लंगडत येते आणि थांबते. पुढचा माणूस वळतो, धडपडत तिच्याकडे यायला लागतो, आणि अर्ध्या वाटेत चित्रं संपतात. मला ती पूर्ण करता येतील. दोन टोकं माहीत असली की मधलं भरणं हे माझं रोजचं काम आहे. पण तिच्यापर्यंत पोचल्यावर तो पाटी उतरवून घेणार होता, की हात पुढे करणार होता, की नुसताच तिच्या शेजारी उभा राहणार होता, ते त्यांनी मला सांगितलं नव्हतं.