शेतकरीकन्येचा सत्कार

परराष्ट्र सेवेत माझी निवड झाली आणि दुसऱ्याच दिवशी पेपरात मी ‘वलगावची शेतकरीकन्या’ झाले. मी वाढले अमरावतीत, राजापेठेत, बाबा बँकेत. वलगावचं वावर आमच्या नावावर होतं, एवढंच खरं. ते बटईनं, म्हणजे अर्ध्या पिकाच्या वाट्यावर, कसायचे गावातले एक काका आणि काकू. आम्ही जायचो हुरडा खायला.

बातमी चुकीची आहे, असं मी बाबांना म्हटलं. ते म्हणाले, “असू दे. आपल्या भागाची एक तरी चांगली बातमी येऊ दे.” त्या वर्षांत वऱ्हाडाचं नाव छापून यायचं ते वाईट बातमीतच, त्यामुळे मला पुढे बोलवेना. आणि खोटं कशाला बोलू, सुरुवात मीच केली होती. कपाशीची पानं लाल पडली की शेतकरी काय करतो, असं निवडीच्या मुलाखतीत विचारलं, तेव्हा काकूंकडून ऐकलेलं सगळं मी ‘आमच्या शेतात आम्ही’ म्हणत सांगितलं. मंडळ खूश. एक सदस्य म्हणाले, देशाच्या वतीनं बोलणारे सगळे चार शहरांतलेच असून कसं चालेल, खेड्यातली अशी मुलं यायला हवीत. मी मान डोलावली. आयत्या बिळावर नागोबा, दुसरं काय!

वलगावच्या शाळेत सत्कार झाला. शाल, नारळ, भाषणं. प्रत्येक वक्त्यानं मला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं. काकू वेचणी सोडून आल्या होत्या आणि पहिल्या रांगेत बसून माझ्यापेक्षा जास्त हसत होत्या. शेजारी त्यांची लेक, बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला. कार्यक्रम संपल्यावर ती माझ्याकडे आली.

“ताई, मी बी ह्या परीक्षेचा फॉर्म भरून राहिली. मुलाखतीत मले शेतीचं इचारलं त काय सांगू?”

“तुझ्याइतकं कोणाला माहीत असणार? तुमच्या वावरातलं सांग.”

“आमचं कुठं हाय, ताई? वावर त तुमचं हाय. मोठ्या लोकाइपुढं खोटं कसं सांगू?”

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर निदान रागावता तरी आलं असतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती मात्र उत्तराची वाट बघत उभी होती.