फडक्यानं गाळलेलं डिझेल

आक्का म्हणजे माझी थोरली बहीण. आठवड्यातून दोनदा मी तिला शिरूर अनंतपाळजवळच्या आमच्या गावाहून लातूरला डायलिसिससाठी जीपनं न्यायचो. गावाची वेस ओलांडली की ती सीटला डोकं टेकून झोपायची. "तू हायस म्हणल्यावर मला कसला घोर?" म्हणायची. ऐकून माझ्या अंगावर मूठभर मांस चढायचं. नांदेडला पंचवीस वर्षं मी इंजिनांचे डिझेल पंप दुरुस्त करायचीच कामं केलेली. नुसत्या आवाजावरून इंजिनाचं दुखणं सांगायचो.

जीप मात्र नव्या जातीची. तिचा हाय-प्रेशर पंप डिझेल भयंकर दाबानं पुढं ढकलतो, आणि त्याला वंगण म्हणजे तेच डिझेल. त्यात पाणी गेलं की संपलं. हे मला ठाऊक होतं, आणि साठवणीच्या ड्रमात पाणी धरतं हेही. तरीही ट्रॅक्टरसाठी भरून ठेवलेल्या ड्रममधलं डिझेल मी तिच्यात घालत होतो. नरसाळ्यावर आक्काच्या जुन्या लुगड्याचं चौपदरी फडकं धरायचं आणि ओतायचं. आमच्याकडं सगळेच असं घालतात आणि ट्रॅक्टरला काही होत नाही. मी नको म्हटलं तरी फडकं आक्काच धरायची.

एके दिवशी पंप गेला. गाडी अंगणातच बंद पडली, म्हणून निभावलं. लातूरचा मिस्त्री माझ्या अर्ध्या वयाचा. पंप उतरवता उतरवता त्यानं विचारलं, "काका, डिझेल कुठलं घालता?"

"पेट्रोल पंपावरचं. दुसरं कुठलं घालणार?" मी फाडकन म्हणालो. जन्मभर पंप खोललेल्या माणसानं ड्रमचं नाव कोणत्या तोंडानं घ्यावं? वर त्यालाच सुनावलं, "तुमच्या ह्या नव्या इंजिनात दमच न्हाई."

त्यानं माझ्यावर विश्वास ठेवला. नवा पंप बसवला, फिल्टर बदलला. खरं कळलं असतं तर त्यानं टाकी उतरवून साफ केली असती, नळ्या धुतल्या असत्या. ड्रमचं डिझेल मी त्या दिवसापासून गुपचूप बंद केलं आणि सुटलो असं समजलो.

महिन्याभरात लातूरच्या वाटेवर, एका चढाला गाडीचा जोर गेला आणि ती थांबली. सेल्फ फिरत होता, इंजिन धरत नव्हतं. जुनं इंजिन असतं तर नळीचा नट ढिला करून हवा काढली असती. इथं पाना हातात घेऊन मी नुसता उभा. आक्काच्या पायांना सूज होती, श्वास लागला होता.

"झालं का रं?" तिनं दोनदा विचारलं. मी साफ घाबरलो होतो.

अर्ध्या तासानं एसटी आली. कंडक्टरनं स्वतःची जागा आक्काला दिली. दवाखान्यात पोचलो तोवर तिचं मशीन दुसऱ्याला लावलं होतं. दोन तास ती बाकावर पुढं वाकून, तोंडानं श्वास घेत बसली. वाचली, एवढंच.

पुढच्या खेपेला आम्ही एसटीनंच गेलो आणि परत येताना मिस्त्रीकडं थांबलो; जीप ओढून त्याच्याकडंच आणून टाकली होती. त्यानं टाकीतलं डिझेल पांढऱ्या वाटीत ओतलं. तळाला पाण्याचे थेंब आणि लोखंडाचा चकाकता चुरा.

"पहिला पंप झिजून त्याचा चुरा परतीच्या नळीनं टाकीत आला, अन् तोच दुसऱ्या पंपानं खाल्लाय," तो म्हणाला. त्यानं वाटीतून एक सुताचा धागा उचलला. "अन् हे बघा. फडक्यानं कचरा थांबतो काका, पाणी थांबत न्हाई. कुणी गाळून घातलं?"

मी तोंड उघडायच्या आत आक्का म्हणाली, "मीच धरत होते फडकं. माझंच चुकलं बघ, बाबा."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "तिचं न्हाई," मी म्हणालो. "ड्रम माझा हाय. मागच्या टायमाला तुला खोटं सांगितलं मी."

आक्कानं एकदा माझ्याकडं पाहिलं आणि पदर सावरला.

टाकी, नळ्या, पंप, सगळं नव्यानं झालं. जीप आता नीट चालते. आक्कानं मला एका शब्दानं बोल लावला नाही. फक्त वेस ओलांडली तरी ती आता झोपत नाही. लातूर येईपर्यंत एक हात दरवाज्याच्या कडीला धरून बॉनेटकडं बघत बसते.