पाठीत लागलेला मासा

मासेमारी माणसाला सत्याच्या जवळ नेते, असं आमच्या क्लबचे अध्यक्ष दर वार्षिक सभेत सांगत. पाण्यासमोर माणूस खोटं बोलू शकत नाही, हे त्यांचं पुढचं वाक्य. सभा त्यांच्याच मुलुंडच्या दिवाणखान्यात भरत असल्यामुळे आणि भाषणानंतर काकूंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, तळलेली सुरमई येणार असल्यामुळे कोणी हरकत घेत नसे. सुरमई बाजारातली असे. आम्ही पकडलेला मासा कधी कोणाच्या ताटात पडला नाही. एक तर पकडलेला मासा पुन्हा पाण्यात सोडायचा असा नियम होता. दुसरं म्हणजे तो पकडला जात नसे.

आमचा क्लब फ्लाय-फिशिंगचा होता. ज्यांना हा प्रकार माहीत नाही, म्हणजे जवळजवळ सगळ्यांनाच, त्यांच्यासाठी सांगतो. यात गळाला गांडूळ किंवा कणकेचा गोळा लावायचा नाही. गळावर पिसं, केस आणि दोरा गुंडाळून एक खोटा किडा तयार करायचा, त्याला फ्लाय म्हणायचं, आणि लांब लवचीक काठीने तो पाण्यावर इतका अलगद टाकायचा की माशाला वाटावं, खराच किडा पडला. थंड डोंगरी ओढ्यांतल्या माशांना तसं वाटतं म्हणे. पवईच्या तलावातले रोहू आणि मृगळ खालच्या पाण्यात चरणारे. वर काय पडतंय याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं. काठावर जरा पलीकडे बडीशेपेचा आणि हिंगाचा वास मारणारे पिठाचे गोळे लावून बसलेली मंडळी रविवारी संध्याकाळी पिशव्या भरून घरी जात. अध्यक्ष त्यांच्याकडे पाहतसुद्धा नसत. ते म्हणत, ती मासेमारी, हा संस्कार.

अध्यक्ष भांडुपच्या एका कारखान्यातून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले. तरुणपणी एका गोऱ्या साहेबाबरोबर निलगिरीत सुट्टीला गेले असताना ही विद्या शिकले. साहेब पुढे आपल्या देशी गेला, काठी आणि विद्या इथे राहिली. त्यांनी क्लब काढला. सभासद फार नव्हते आणि नेमाने येणारे तर चौघेच. अध्यक्ष, घाटकोपरला राहणारे एक चित्रकलेचे मास्तर, गिरणी बंद पडल्यावर छापखान्यात लागलेले एक मालवणी गृहस्थ, आणि मी. मी विमा कचेरीत होतो. मासेमारीबद्दल बरंच वाचलं होतं आणि वाचलेल्या गोष्टी प्रत्यक्षात कशा दिसतात याचं कुतूहल होतं.

प्रत्यक्षात त्या अशा दिसत. तलाव लांब, म्हणून सराव मुलुंडच्या एका शाळेच्या मैदानावर चाले. सायकलचा जुना टायर मातीत ठेवायचा, तो तलाव. फ्लायऐवजी लोकरीचा गोंडा, कारण एकदा खरी फ्लाय कडेच्या इमारतीतल्या वाळत घातलेल्या साडीत रुतली होती आणि त्या बाईंनी अध्यक्षांना संस्कारांबद्दल बरंच ऐकवलं होतं. चार मोठी माणसं कोरड्या जमिनीवर काठ्या फिरवत उभी आहेत हे पाहायला क्रिकेटवाली पोरं खेळ थांबवून येत. काय मिळालं, काका, असं विचारत. मालवणी गृहस्थ त्यांना सांगत की आत्ताच एक पापलेट सुटलं.

गृहस्थांचा या विद्येवर विश्वास नव्हता. लहानपणी खाडीत गरी टाकून ते घरचं कालवण आणत. ‘सायबानू,’ ते अध्यक्षांना म्हणत, ‘माशाक पाखरू दाखवून काय होतला? तेका भूक लागाक व्हयी.’ पण एकही रविवार त्यांनी चुकवला नाही. गिरणी गेल्यावर त्यांच्याबरोबर काम करणारे सगळे पांगले होते. संपाबद्दल जिथे कोणी काही विचारत नाही अशी ही एकच जागा आहे, असं ते मला एकदा बसस्टॉपवर म्हणाले.

क्लबमध्ये खरं काम येत होतं ते मास्तरांना. फ्लाय तेच बांधत. महापालिकेच्या शाळेत पोरांना आंबा आणि समई काढायला शिकवून ते घरी येत आणि खिडकीपाशी बसून कोंबडीची पिसं, कावळ्याची पिसं, खारीच्या केसांचे झिजलेले ब्रश यांतून एवढे एवढे किडे घडवत. त्यांची एक रीत होती. नवा सभासद आला की त्याच्या घरातला एखादा धागा मागून घ्यायचा आणि तो वापरून त्याची फ्लाय बांधायची. अध्यक्षांच्या फ्लायमध्ये काकूंच्या शालूची जर होती. माझ्यात आईच्या लोकरीच्या मफलरचा धागा. मालवणी गृहस्थांनी गिरणीतल्या सुताचा तुकडा आणून दिला होता. तो पांढरा किडा इतका सुंदर झाला की गृहस्थांनी तो कधी पाण्यात टाकला नाही.

मास्तरांचं दुसरं काम म्हणजे फलक. अध्यक्षांनी क्लबच्या पहिल्याच वर्षी सागवानी फलक करून घेतला होता आणि मास्तरांनी त्यावर सोनेरी अक्षरांत लिहिलं होतं, ‘फ्लायवर मासा धरणारे सभासद’. खाली नावांसाठी भरपूर जागा. तो दिवाणखान्यात टांगला होता. जागा रिकामीच राहत असल्यामुळे काकू त्याच्या खिळ्याला कॅलेंडर अडकवत आणि सभेच्या दिवशी काढून ठेवत.

तो फलक एकदाच भरता भरता राहिला. एका पावसाळ्यानंतर अध्यक्षांच्या काठीला मासा लागला. चांगला हातभर रोहू, दीड-दोन किलोचा. जाळीत आला तेव्हा दिसलं की फ्लाय तोंडात नव्हती, पाठीवरच्या पराच्या मुळाशी रुतली होती. मासा खाली आपल्या वाटेने चालला होता आणि गळ त्याला जाता जाता अडकला होता. अध्यक्षांनी आमच्याकडे पाहिलं. मी पाण्याकडे पाहिलं. मास्तर चष्मा पुसत म्हणाले, ‘नाही, साहेब. पाठीत लागलेला मासा धरलेला नसतो. तो अडकलेला असतो.’

अध्यक्षांनी फ्लाय सोडवली. मासा सोडला. महिनाभर मास्तरांशी तुटक वागले. मग पुढच्या सभेत त्यांनी मास्तरांचंच वाक्य भाषणात घातलं, आपलं असल्यासारखं. त्या सभेनंतर दोघे पुन्हा शेजारी बसू लागले.

पुढे मास्तरांचा आवाज बसला. खडूची धूळ, असं ते म्हणाले. डॉक्टरांनी आधी तेच म्हटलं, मग परळच्या इस्पितळात पाठवलं. परळ म्हटल्यावर मुंबईत पुढचं विचारायची गरज पडत नाही. वहिनींनी, म्हणजे मास्तरांच्या बायकोने, मला जिन्यात गाठून सांगितलं की ते घरी कसलंच बोलत नाहीत. फक्त म्हणतात, एकदा माझ्या हातची फ्लाय माशाने तोंडात घेतलेली बघायची आहे. इतकी वर्षं बांधली, एकाही माशाला ती खरी वाटली नाही.

ही गोष्ट मी क्लबमध्ये सांगितली. त्यानंतर आम्ही सरावाचं मैदान सोडून दर रविवारी तलावावर जायला लागलो. घाटकोपरहून मास्तरांना रिक्षाने आणायचं काम माझ्याकडे आलं. मालवणी गृहस्थ त्यांच्यासाठी घडीची खुर्ची आणि पेजेचा डबा घेऊन येत. अध्यक्ष जलपर्णी कुठे विरळ आहे ते आधी जाऊन पाहून येत. काकूंनी मास्तरांसाठी कानटोपी विणली. ती अध्यक्षांच्या मापाची झाली, मास्तरांचं डोकं तोवर बरंच लहान दिसायला लागलं होतं.

रविवार येत आणि जात. मासे वर येत नव्हते. मास्तरांचा हात आधी खांद्यातून चाले, मग कोपरातून, मग नुसता मनगटातून. फ्लाय काठापासून दोन हातांवर पडू लागली. पिठाच्या गोळ्यांवाल्यांपैकी एकाने एकदा येऊन मोठ्या मनाने एक गोळा देऊ केला. मास्तरांनी हात जोडून नको म्हटलं.

आणि एका सकाळी, जलपर्णीच्या कडेला, काठी वाकली.

मास्तर खुर्चीतून उठले, पण त्यांना तोल सांभाळवेना. मी मागून त्यांच्या कमरेला धरलं. हाताला नुसती हाडं लागली. मासा खोल पाण्याकडे ओढत होता, दोर एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे धावत होता. मास्तरांच्या तोंडून शब्द फुटत नव्हता, नुसती घरघर. मालवणी गृहस्थ जाळी घेऊन गुडघाभर पाण्यात गेले आणि बऱ्याच वेळाने मासा जाळीत आला. त्यांनी आत पाहिलं आणि मग माझ्याकडे पाहिलं. मलाही दिसलं. फ्लाय पाठीच्या पराशी होती.

तेवढ्यात अध्यक्ष पुढे झाले. त्यांच्या गुडघ्यांना संधिवात होता. वर्षानुवर्षं त्यांना कुठे मांडी घातलेलं कोणी पाहिलं नव्हतं, सत्यनारायणालाही ते खुर्चीवर बसत. ते त्या इस्त्रीच्या पँटीसकट चिखलात गुडघे टेकून बसले, आमच्याकडे पाठ करून, आणि जाळीवर ओणवे झाले. थोडा वेळ त्यांचे खांदे तेवढे हलताना दिसले. मग त्यांनी मासा पाण्यात सोडला, फ्लाय तळहातावर धरली आणि मान न वळवता म्हणाले, ‘तोंडात, मास्तर. वरच्या ओठात.’

‘होय, होय,’ मालवणी गृहस्थ पाण्यातून म्हणाले. ‘मी बघलंय.’

मी म्हणालो, अभिनंदन.

मास्तरांनी सगळ्यांना नमस्कार केला. अध्यक्षांना उठवायला दोघे लागले. मास्तरांना घरी सोडून परतीच्या बसमध्ये बसल्यावर गृहस्थांनी तिकिटं काढली. मग माझ्या कानाशी येऊन म्हणाले, ‘त्या माशाक पाठीर तोंड होता रे.’ त्यांना हसायचं असावं, पण ते जमलं नाही.

अध्यक्षांनी त्याच आठवड्यात फलक चादरीत गुंडाळून रिक्षाने घाटकोपरला पोचवला. नाव मास्तरांच्याच हातचं हवं, असा त्यांचा आग्रह. मी भेटायला गेलो तेव्हा फलक पलंगाशेजारी भिंतीला टेकवलेला होता आणि सोनेरी रंगाची बाटली औषधांच्या बाटल्यांत उभी होती. मास्तर कुजबुजल्यासारखं बोलत, कान जवळ न्यावा लागे.

‘आडवा आला,’ ते म्हणाले.

मी विचारलं, काय?

‘मासा रे. तोंडात लागला असता तर तोंड पुढे करून आला असता. हा आडवा येत होता. एवढं तर मला दिसतं ना.’

त्यांनी पाणी मागितलं, दोन थेंब घेतले, बाकी टॉवेलवर सांडलं.

‘साहेबांना काही बोलू नकोस,’ ते म्हणाले. ‘गुडघे टेकले रे त्यांनी. त्या गुडघ्यांनी.’

मी फलकाकडे पाहिलं. रिकामा होता. मला वाटलं, हा माणूस त्यावर काही लिहिणार नाही. नियम त्यांचा होता आणि आयुष्यात त्यांनी आणखी फारसे नियम केले नव्हते.

मास्तर दिवाळीच्या आधी गेले. शोकसभा अर्थातच मुलुंडच्या दिवाणखान्यात झाली. वहिनींनी फलक त्याच चादरीत परत पाठवला होता. रंगवलाय, पण सभेआधी कोणी उघडून बघू नका, असा मास्तरांचा निरोप होता. अध्यक्षांना हे पटण्यासारखंच होतं. त्यांनी अनावरण करायचं ठरवलं. काकूंनी दिवा मालवून फलकावरची चादर काढली, तिच्या जागी निळं सॅटिन आलं, त्याला फीत, फितीला गाठ. समोर मास्तरांचा फोटो आणि हार. वहिनी पहिल्या खुर्चीवर बसल्या होत्या. नेमाने न येणारे सभासदही त्या दिवशी आले होते.

अध्यक्ष उभे राहिले. पाण्यासमोर माणूस खोटं बोलू शकत नाही, अशी सुरुवात केली आणि इथे ते जरा थांबले. मग मास्तरांनी क्लबला पहिला मासा मिळवून दिला, त्यांचं नाव या फलकावर कायमचं पहिलं राहील, असं म्हणून त्यांनी फीत ओढली.

फलकावर दोन नावं होती. अक्षरं थोडी थरथरलेली, पण ओळ सरळ. दुसरं नाव मास्तरांचं होतं. त्याच्या वर, पहिलं, अध्यक्षांचं होतं. पाठीतला मासा धरायचाच ठरला तर त्यांचा आधीचा होता.

अध्यक्ष फलकाकडे पाहत राहिले. हातात निळं सॅटिन तसंच होतं. पाहुण्यांना वाटलं, ते दुःखाने थांबलेत, आणि त्यात चूकही नव्हती. काही वेळाने ते भाषण अर्धवट सोडून खाली बसले. इतक्या वर्षांत तसं प्रथमच घडलं. मागच्या भिंतीशी उभे असलेले मालवणी गृहस्थ हळूच म्हणाले, ‘बरोबर आसा.’ वहिनींनी मागे वळून पाहिलं आणि डोळ्यांना पदर लावला.

मग काकूंनी चहा आणला. त्या दिवशी सुरमई नव्हती.

फलक परत त्याच खिळ्याला गेला. काकूंनी कॅलेंडर स्वयंपाकघरात हलवलं. अध्यक्ष असेपर्यंत क्लब चालला. त्यांच्यामागे काठ्या कोणी कुठे ठेवल्या ते मला माहीत नाही. मास्तरांनंतर आमच्यापैकी कोणालाही त्या तलावात फ्लायवर मासा मिळाला नाही. आधीही मिळाला नव्हता.