शिडीवाल्या आत्यांचा शब्द

आत्या खरं तर एकाच माणसाच्या आत्या, कारखान्यात त्यांच्या हाताखाली काम करणाऱ्या भाच्याच्या. पण हा भाचा दिवसातून दीडशे वेळा "आत्या, आत्या" करायचा, त्यामुळे कामगार, दुकानदार, टपाल आणणारा, सगळेच त्यांना आत्या म्हणायला लागले. वय बासष्ट. वजनाचं विचारायचं नाही. शिड्यांचा कारखाना वडिलांनी काढलेला आणि वडिलांचा एक नियम आत्यांनी अजून पाळलेला: स्वतः चढून पाहिल्याशिवाय एकही शिडी दाराबाहेर जाऊ द्यायची नाही. रोज सकाळी चपला काढून, पदर खोचून आत्या एकेक शिडी चढायच्या नि उतरायच्या. डॉक्टर लोकांना चालायला सांगतात, मी चढते, असं वर म्हणायच्या.

कारखान्याचे भाग दोन. पुढच्या लांब शेडमध्ये अ‍ॅल्युमिनियमच्या शिड्या आणि आत्यांनी स्वतः डोकं चालवून काढलेलं घडीचं स्टूल. या स्टुलाचा आत्यांना कोण अभिमान. शेडच्या दारावर त्याची लाकडी पाटी होती: 'आत्या स्टूल. बसा, चढा, घडी करा.' मागच्या खोलीत लाकडी शिड्या आणि त्या बनवणारे मिस्त्री. आत्या आठ वर्षांच्या असताना मिस्त्रींनीच त्यांच्या हातात पहिला रंधा दिला होता. आता मिस्त्रींची सत्तरी आलेली, पण हात अजून सरळ रेषेत चालायचा.

भांडण होतं ते या मागच्या खोलीवरून. लाकडाची वही तीन वर्षं तोटा दाखवत होती. भाचा म्हणायचा, "आत्या, मागचं बंद करू या. मिस्त्रीकाकांचं मलाही वाईट वाटतं, पण तू वही बघ."

"वही काय बघू? ते घरी बसून करतील काय?"

महिन्यातून एकदा हा संवाद ठरलेला. शेवटी भाच्यानंच तोड काढली. बाहेरचा माणूस आणू, फायनान्शियल अ‍ॅनालिस्ट.

"म्हणजे हिशेबनीसच की."

"नाही गं. हिशेबनीस झालं ते लिहितो. अ‍ॅनालिस्ट ते का झालं आणि पुढे काय होईल ते सांगतो."

"म्हणजे ज्योतिषी. बरं, आण. कान सोनारानंच टोचलेले बरे. तो ज्याला तोट्याचं म्हणेल ते मी बंद करीन. शब्द म्हणजे शब्द. मग तुझं नाही नि माझं नाही."

बोलून गेल्या खऱ्या, पण त्या दिवशी मागच्या खोलीत जायचं आत्यांनी टाळलं. मिस्त्रींच्या तोंडाकडे बघवलं नसतं.

मुलाखतीला तिघं आली. भाच्यानं प्रश्नांचा कागद तयार ठेवला होता. आत्यांचा प्रश्न एकच. टेबलाशेजारी बारा पायऱ्यांची शिडी उभी केलेली, तिच्याकडे बोट दाखवून त्या म्हणायच्या, "चढा."

पहिले गृहस्थ चकचकीत बुटांसकट थेट वर गेले आणि धंद्याची वाढ या विषयावर तिथूनच बोलू लागले. दहा मिनिटं झाली तरी उतरेनात. आत्यांची मान अवघडली. दुसरा तरुण मोठा गोड. तोही चढून उतरला आणि खुर्ची जवळ ओढून हळूच म्हणाला, "मॅडम, तुमच्या मनात काय आहे तेवढं सांगा. आकडे तसे मांडता येतात." खोटं कशाला बोला, आत्यांना क्षणभर मोह झाला. मागची खोली वाचत होती ना. पण मग त्यांनी त्याला चहा पाजला आणि वाटेला लावलं.

तिसरी एक तिशीची बाई. तिनं आधी शिडीभोवती फेरी मारली, हलवून पाहिली, मग तीन पायऱ्या चढली आणि थांबली.

"इथपर्यंत येते. पुढे मला भीती वाटते," ती म्हणाली. आवाज जरा बारीक झाला होता.

"नोकरी हवी असली तरी?"

"हवी आहे. म्हणून तर आत्ताच सांगितलं."

आत्यांनी तिथल्या तिथे तिला हो म्हणून टाकलं. भाचा कुरकुरला, "अगं, घाबरट आहे ती." "घाबरते, पण लपवत नाही," आत्या म्हणाल्या. "तू तर पालीला घाबरतोस आणि आत जायला नको म्हणून दार उघडत नाही असं सांगतोस."

कारखान्यात तिचं नाव पडलं हिशेबवाली. पहिला आठवडा ती कॉम्प्युटरसमोर बसली, तेव्हा भाचा शीळ घालत हिंडत होता. दुसऱ्या आठवड्यात तिनं खुर्ची उचलली आणि मागच्या खोलीत मिस्त्रींच्या शेजारी नेऊन ठेवली. काहीतरी निमित्त काढून आत्या दाराशी घुटमळत राहिल्या.

"हे काय करताय, काका?" हिशेबवाली विचारत होती.

"खोकं. पुढच्या शिड्या परगावी जातात ना, त्यांना."

"याचं लाकूड कुठल्या वहीत लिहिता?"

"लाकडाच्या," मिस्त्री म्हणाले. इतका सोपा प्रश्न कोणी विचारतं का, असा त्यांचा चेहरा. "थोरल्या मालकांपासूनची पद्धत आहे. लाकूड ते लाकूड."

थोरले मालक म्हणजे आत्यांचे वडील. त्यांच्या काळात कारखान्यात लाकडी शिड्यांशिवाय दुसरं काही नव्हतंच, त्यामुळे एक वही पुरायची. अ‍ॅल्युमिनियम आलं, तरी पद्धत बदलायचं कोणाच्या डोक्यात आलं नाही. आत्यांच्याही नाही.

सोमवारी अकराला सगळे टेबलाशी बसले. मिस्त्रींनाही बोलावलं होतं. ते धुतलेला सदरा घालून आले होते, ते बघून आत्यांना भडभडून आलं.

हिशेबवालीनं वही उघडली. तीन वर्षांची सगळी खोकी लाकडाच्या नावावर. शेडचं नवं दार लाकडाच्या नावावर. ऑफिसातली टेबलं, हे समोरचं धरून, लाकडाच्या नावावर. "आणि एक पाळणा," ती म्हणाली.

भाच्याचे कान लाल झाले. पाळणा त्याच्या लेकीचा होता.

"हे ज्याचं त्याच्या वहीत घातलं, तर मागच्या खोलीत तोटा नाही. नफा आहे. थोडा आहे, पण स्वतःचा आहे."

मिस्त्रींनी टेबलाच्या कडेवरून अंगठा फिरवला, रंधा नीट लागलाय का बघतात तसा. आत्यांना इतका आनंद झाला की त्यांनी सगळ्या कारखान्याला चहा सांगितला आणि भाच्याकडे बघून म्हणाल्या, "काखेत कळसा नि गावाला वळसा."

"आत्या, अजून एक आहे," हिशेबवाली म्हणाली. तिचा आवाज तिसऱ्या पायरीवर झाला होता तसाच झाला. "तोटा आहेच. तो स्टुलात आहे. शंभर रुपयांची स्टुलं विकली की त्यांवर आपले एकशे आठ खर्च झालेले असतात."

"किंमत वाढवू."

"तीन दुकानदारांना विचारून आले. आत्ताच आपल्या एका स्टुलाच्या किमतीत ते दुसरीकडून दोन घेतात."

भाच्याचं बिल आत्या तीनदा तपासायच्या. स्टुलाचा खर्च बारा वर्षांत एकदाही तपासला नव्हता. आपला तो बाब्या. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे, असं त्यांना वाटलं, आणि वाईट तर इतकं वाटलं की चहा नुसता धरून बसल्या.

भाचा चांगला मुलगा. तोच म्हणाला, "राहू दे गं आत्या. एवढंतेवढं चालतं."

"मागच्या खोलीला चाललं असतं का, एवढंतेवढं?"

आत्यांनी पेन मागितलं आणि स्टूल बंद करायच्या कागदावर सही केली. स्टुलावरची दोन माणसं शिड्यांवर घ्यायची, तिथे हात कमीच पडत होते.

मग त्यांनी चपला काढल्या, पदर खोचला आणि शेडच्या दाराला शिडी लावली. पाटी दुसऱ्या कोणाला काढू देईनात. खालून शिडी हिशेबवालीनं धरली, दोन्ही हातांनी, डोळे मिटून. वर आत्यांनी पदरानं एकदा डोळे पुसले, एकदा पाटी पुसली आणि मग स्क्रू काढले. पाटी खाली मिस्त्रींच्या हातात दिली.

मिस्त्रींनी ती उलटीपालटी केली, बोटानं टकटक वाजवून पाहिली. "लाकूड उत्तम आहे, पोरी. काय करू याचं?"

आत्या एक पायरी उतरल्या, मग थांबल्या.

"खोकं करा," त्या म्हणाल्या. "आणि लिहा अ‍ॅल्युमिनियमच्या वहीत."