सरगूरच्या बसमध्ये धरलेली जागा

आधीच सांगून टाकतो, मी भुताखेतातला माणूस नाही. आमच्या गल्लीत कुणाच्या अंगात आलं की लोक हात जोडायचे आणि मी म्हणायचो, हिला आधी पोटभर जेवायला घाला. रात्रपाळी संपवून मसणवाटेजवळच्या कोपऱ्यावर वर्षानुवर्षं एकटा उतरलोय. कुत्र्याशिवाय काही भेटलं नाही. तेव्हा तुमच्या सदरात लोक जे लिहितात... पांढरी साडी, उलटे पाय... ते वाचून मी हसायचो. माझं जे झालं ते रात्रीचं नाहीच. उन्हं वर आलेली, म्हैसूरचा सबर्बन बसस्टँड आणि माणसांची ही गर्दी. भूत आलं असतं तर चेंगरून मेलं असतं.

लिहिण्यात चुका असतील. शाळा तिसरीत सुटली, तीही कानडी. आमचे पूर्वज म्हणे राजाच्या घोडदळाबरोबर इकडं आले. घोडे गेले, आम्ही राहिलो. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर कानडी. मराठी अक्षरं मी रिटायर झाल्यावर शिकलो, बायकोकडून. तुळसा तिचं नाव, माहेर सरगूर. तिनं लग्नाआधी हिंदीच्या परीक्षा दिल्या होत्या, त्याच अक्षरांत ती मराठी लिहायची. मला पाटीवर गिरवायला बसवलं. "ह"ला शेपूट कुठं काढायचं यावरून आमची भांडणं व्हायची.

तिला मला सुधारायचं होतं. "जरा इम्प्रू व्हा की हो!" हा तिचा मंत्र. गोड बोला, फिरायला जा, वाचा. मी म्हणायचो, जुनं मशीन आहे, पार्ट मिळत नाहीत. पण तिनं सोडलं नाही. मी हूटगळ्ळीच्या एका कारखान्यात होतो, घरही त्याच भागात बांधलं. तेव्हा दारात उभं राहिलं की चामुंडीचा डोंगर दिसायचा. आता शेजाऱ्याचं बाथरूम दिसतं. कंपनीची बस कोपऱ्यावर येई, तीच आणून सोडी. त्यामुळं सरकारी बसमध्ये घुसायचं कसं हे मला साठी आली तरी माहीत नव्हतं.

रिटायर झाल्यावर तिनं फर्मान काढलं. महिन्यातनं एकदा बसस्टँडवर जायचं, मी कानडी बोर्ड वाचायचा, तीही अक्षरं पुसट झालेली, आणि जो नीट वाचता येईल त्या गावाला जायचं. "घर म्हणजे खुंटी नव्हे, सारखं टांगून राहायला." असे आम्ही फिरलो. नंजनगूड, चामराजनगर, पिरियापट्टण. पिरियापट्टणला तंबाखूच्या भट्ट्यांचा वास नाकात बसला तर म्हणाली, "बिडी न ओढता बिडीचं सुख!" कुठंतरी देवळाच्या कट्ट्यावर चित्रान्नाचा, म्हणजे फोडणीच्या भाताचा, डबा उघडायचा, खायचं, संध्याकाळी परत. आमचं जगणं-बघणं एवढंच. पण तेवढं सुख मला पगाराच्या दिवशीही झालं नव्हतं.

आता टॉवेलचं सांगतो. इकडं बस लागली की लोक खिडकीतनं टॉवेल टाकून जागा धरतात. टॉवेल पडला की सीट त्याची. मग तो दारातनं सावकाश चढला तरी चालतं, टॉवेलावर कुणी बसत नाही. तुळसा यात वस्ताद. लाल चौकड्यांचा एक टॉवेल, त्याच्या कोपऱ्यात सुपारी बांधलेली. गाठ अशी घट्ट की दातानंच सुटावी. सुपारीच्या वजनानं टॉवेल वाऱ्यावर भरकटत नाही, नेमलेल्या सीटवरच पडतो. बस उभी राहायच्या आत हिचा टॉवेल आत.

मला ते पटायचं नाही. "लाज नाही वाटत? आधी चढेल त्याची जागा."

"लाज तुम्ही सांभाळा, मी सीट सांभाळते. आणि उभे काय राहिलात द्वारपालासारखे? बाजूला व्हा!"

खिडकी तिची, आतली सीट माझी. कायमचं ठरलेलं.

गेल्या वर्षी ती गेली. चार दिवसांचा ताप, आणि गेली. तिरडी बांधली तेव्हा मी आत जाऊन तो टॉवेल आणला आणि तिच्या हाताशी खोचला. मुलगा प्रकाश म्हणाला, "अप्पा, हे काय?" मी म्हटलं, "असू दे. पुढं निघालीय, जागा धरायला लागेल." बायका हमसाहमशी रडायला लागल्या. तिची धाकटी बहीण शकू तिथंच उभी होती, तिनंच सुपारीच्या गाठीचा कोपरा सारखा केला. आणि चितेवर तो टॉवेल मी माझ्या डोळ्यांनी जळताना पाहिला. हे लक्षात ठेवा.

त्यानंतर मी घराबाहेर पडलो नाही म्हटलं तरी चालेल. कोपऱ्यावरचा दूधवालासुद्धा प्रकाशला विचारायचा, "ताता आहेत ना?" इकडं आजोबाला ताता म्हणतात.

मग पितृपक्ष आला. आमच्यात, नवरा मागं ठेवून सवाष्ण गेलेल्या बाईचं पान नवमीला वाढतात. एका सवाष्णीला बोलवायचं, साडी-ओटी द्यायची, जेवू घालायचं. तिच्या तोंडानं गेलेली जेवते म्हणतात. तुळसानं हयात असतानाच सांगून ठेवलेलं, "माझी सवाष्ण शकूच. माझ्या माहेरात, तिच्या हातचं. आणि साडी तुम्ही न्यायची." ही तिची पहिली नवमी. मी श्राद्धातलं फार मानत नाही, पण जेवायला बोलावून माणसाला ताटकळत ठेवू नये एवढं कळतं.

प्रकाश म्हणाला, "अप्पा, मला रजा नाही. रविवारी कारनं जाऊ."

"नवमी तुझ्या रविवारसाठी थांबते का रे?"

"मग साडी ऑनलाइन पाठवू मावशीला."

"तुझी आई काय ऑनलाइन जेवणार?"

सून तोंडाला पदर लावून हसली. मी एकटा जातो म्हणालो. सुनेचं हसू थांबलं. कारण एकटा मी कधी गेलोच नव्हतो.

सकाळी लवकर निघालो. पिशवीत हिरवी साडी, खण, बांगड्या, नारळ. पण दसरा जवळ आलेला, रस्त्यात हत्तींची तालीम. सिटी बस जागीच थांबली. हत्ती आपले डुलत डुलत चाललेत, लोक फोटो काढतायत. ती असती तर उतरून पाया पडली असती. मी खिडकीतनं म्हटलं, "स्वामी, आज जरा बेगी चला, बायको उपाशी आहे." शेजारचा माणूस माझ्याकडं बघायला लागला.

बसस्टँडवर पोचलो तर जत्रा. सरगूरची बस लागली. टॉवेल, छत्र्या, पिशव्या, एकानं तर चप्पल टाकली खिडकीतनं. मी आपला दाराशी, आधी चढेल त्याची जागा म्हणत. कोपरं बसली, धक्के बसले, पाय पायरीपर्यंत पोचलाच नाही. बस भरून गेली. दुसरी आली, तेच. तीत उभं राहायला मिळालं असतं, पण माझे गुडघे तेवढा वेळ उभे राहणारे नाहीत.

शकूचा फोन आला. "भाऊजी, निघालात ना? सगळं तयार आहे. दुपार टळायच्या आत पान वाढायला हवं हो."

"निघालोय," म्हटलं. खोटं बोललो.

उन्हं तापली. पिशवीचा बंद हाताला रुतायला लागला. मनात आलं... झालं. परत जावं. ह्या माणसाला सुधारता सुधारता ती गेली, आणि हा तिच्या जेवणाची साडीसुद्धा पोचवू शकत नाही. बाकावर बसलो असतो तर रडलो असतो, म्हणून उभाच राहिलो.

पुढची बस आली तेव्हा मी पुढं झालोच नाही. लांबनं बोर्ड तेवढा वाचला. स-र-गू-र. सवय म्हणून.

बस भरली. दारात माणसं लोंबकळली. तेवढ्यात कंडक्टर दारातनं ओरडला, "ताता! ओ ताता! पिशवीवाले! सरगूर ना? बन्नी बन्नी, या लवकर!"

मी मागं वळून बघितलं, दुसऱ्या कुणाला असेल म्हणून. तो खाली उतरला, माझ्या दंडाला धरलं, माणसं बाजूला सारत मला वर घेतलं. "सरका, सरका. ह्यांची सीट धरलेली आहे."

डाव्या बाजूला खिडकीची सीट रिकामी. आत पाय ठेवायला जागा नाही आणि ती रिकामी. सीटवर लाल चौकड्यांचा टॉवेल. कोपऱ्यात गाठ.

मी कंडक्टरचा हात धरला. "कुणी... कुणी धरली?"

तो कानडीत बोलला, मी मराठीत सांगतो. "तुमच्या घरच्यांनी! अय्यो, काय जोर आहे हो आजींचा! बस नीट उभी राहिली नाही तर टॉवेल आत. मला दम दिला. म्हणाल्या, यजमान येतायत, हातात पिशवी आहे, गुडघ्यानं अधू आहेत. घुसायला लाजतात, तू बघून चढवून घे."

"कुठं आहे ती?"

"खाली उतरल्या. पाणी आणते म्हणाल्या."

मी खिडकीतनं बघितलं. स्टँडवर म्हाताऱ्या काय कमी असतात? प्रत्येकीचं तोंड बघितलं. ड्रायव्हरनं हॉर्न दिला. मी ओरडलो, "थांब! थांबव!" कंडक्टर भला माणूस. शिट्टी वाजवली, खाली उतरून हाका मारल्या, "आजी! ओ आजी!" आतले लोक कुरकुरायला लागले. कुणी आलं नाही. शेवटी तो वर चढला आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "ताता, काळजी करू नका. मागच्या बसनं येतील. अशा बायका चुकत नाहीत."

बस निघाली.

टॉवेल मी मांडीवर घेतला. वास घेतला, खोटं कशाला बोलू. काही नाही. धुवून वाळवलेल्या कपड्याला येतो तेवढाच, उन्हाचा. धुराचा नाही. गाठ सोडायचा धीर झाला नाही.

आणि खिडकीत बसलो होतो मी, तिच्या जागेवर. इतकी वर्षं फिरलो पण मला तिच्या अंबाड्यापलीकडचं काही दिसलंच नव्हतं. ती बोट दाखवायची, मी नुसता "हं" म्हणायचो. आता नारळीच्या बागा दिसल्या, पाटाचं पाणी दिसलं, भाताची हिरवळ, कुणाच्या दारातली रांगोळी. गावांचे बोर्ड येत होते ते मी तोंडातल्या तोंडात वाचत गेलो. एकही चुकला नाही. चुकला असता तर ऐकावं लागलं असतं, असं वाटत होतं सारखं.

सरगूरला पोचलो तेव्हा दुपार टळायला थोडासाच अवकाश होता. शकू दारातच उभी. "आलात बाई एकदाचे! या, पाय धुवा..." आणि थांबली. तिची नजर माझ्या खांद्यावर.

"भाऊजी, हा अक्काचा टॉवेल..."

तिरडीवर तोच कोपरा तिनं तिच्या हातानं सारखा केला होता, मी काय सांगणार? ती पायरीवर बसली. बसमधलं मी सगळं सांगितलं. तिनं टॉवेल घेतला, गाठ नखानं सुटेना, दातानं सोडली. सुपारी निघाली. ती डोळे पुसून उठली. "चला. अक्का आलीय म्हणजे भूक लागली असणार."

ती सुपारी तिनं पानाशेजारी ठेवली. नवी साडी नेसून जेवायला बसली. शकूला साखरेचा आजार, गोडाला ती हात लावत नाही. त्या दिवशी होळिगे, म्हणजे पुरणपोळी, वाढली ती तिनं खाल्ली आणि वर म्हणाली, "अजून एक वाढा." आवाज शकूचाच होता. पण "अजून एक" म्हणताना बोट वर करायची सवय तुळसाची. मी बघत बसलो, माझं पान तसंच राहिलं.

नंतर मी त्या कंडक्टरला स्टँडवर शोधून काढलं. मला बघताच त्यानंच विचारलं, "आजी आल्या ना मागच्या बसनं?" मी विचारलं, कशा होत्या? म्हणाला, बुटक्या, कुंकू एवढं मोठं, आणि बोलायला भारी. मी म्हटलं, हो, आल्या.

प्रकाश म्हणतो, "अप्पा, तसले टॉवेल मार्केटात ढिगानं मिळतात. दुसरी कोणी आजी असेल. तिची बस चुकली असेल आणि कंडक्टरनं तुम्हालाच तिचा नवरा समजलं." असेलही. मी भांडत नाही. तसं असेल तर त्या कुणा यजमानाची जागा मी खाल्ली, त्यांनी मला क्षमा करावी. पण गुडघ्याचं? लाजतात म्हणाली, त्याचं? आणि ती दातानं सोडायची गाठ? तुमच्याकडं उत्तर असेल तर आत्ताच नको, माझ्या मागं सांगा.

टॉवेल माझ्याकडं आहे. मी परत महिन्यातनं एकदा निघतो, बोर्ड वाचून. आणि आता खिडकीतनं टॉवेल मीच टाकतो, कोपऱ्यात सुपारी बांधून. नेम अजून बसत नाही. लाज मात्र वाटत नाही. चढून मी आतल्या सीटवर बसतो, टॉवेल खिडकीच्या सीटवर तसाच ठेवतो. कुणी बाई उभी दिसली की उचलतो. पण तोवर कुणी विचारतंच, "ताता, इथं कोण आहे?"

मी सांगतो, "आमच्या घरचे. पाणी आणायला उतरलेत."