उजवीकडून सायकलवर चढणारा भटू

भटू गेल्याचं कळलं तेव्हा मी पहिल्या पाळीला कार्ड पंच करायला रांगेत उभा होतो. टोकरखाड्याहून त्याचा शेजारी स्कूटरवर आला, म्हणाला, "भटूभाऊ गेले, झोपेतच." मनात पहिलं काय आलं ते लिहायला लाज वाटते. आलं ते असं, की चला, आता कोणी विचारणार नाही. पाच आठवडे झाले, तेव्हापासून एका जागी बसवत नाही. जेवताना उठतो, नळ बंद आहे का बघतो, पुन्हा बसतो. बायको म्हणते, तुम्हाला काय पायाला भिंगरी लागलीय का?

आम्ही दोघं खान्देशातले, तो शिरपूरकडचा, मी शहाद्याचा. सिल्वासात धाग्याचे कारखाने नवे उघडत होते तेव्हा आलो, तो एका कारखान्यात, मी समोरच्या. संध्याकाळी सामरवरणीच्या मैदानावर दोन्ही कारखान्यांची कबड्डी. चढाईला भटू आला की आमचे सातही जण कामाला लागायचे. आमचा कप्तान मगनभाई दर सामन्याआधी एकच सांगायचा, "बीजा जाय तो जवा दो, भटूने पकडो." बाकीच्यांनी गुण नेले तरी चालतील, भटू परत जाता कामा नये. मी उजव्या कोपऱ्यात, म्हणजे त्याच्या डाव्या पायासमोर. चार वर्षं डोळ्यात तेल घालून मी तो एक पाय पाहिला. आणि तरी बेटा निसटायचा... जाताना खांद्यावर थाप मारून जायचा वर.

अंतिम सामन्याच्या दिवशी तो उजव्या गुडघ्याला जाड पट्टी बांधून आला. मगनभाई खूश. सगळ्यांनी उजव्या पायावर झडप घालायचं ठरलं. मी गप्प होतो. सकाळीच मी त्याला सायकलस्टँडवर पाहिलं होतं. डाव्या पायाचा टेकू घेऊन टांग टाकणारा माणूस त्या दिवशी उलट्या बाजूने, उजवीकडून चढला, तेही दात आवळून. दुखरा गुडघा डावा होता. पट्टी धड पायाला, आम्हाला फसवायला. कबड्डीत असं सगळेच करतात, त्यात पाप नाही.

शेवटच्या चढाईला तो आला. आमचे सगळे त्याच्या उजव्या पायाकडे झुकले, तसा तो माझ्याकडे सरकला. मी डावा घोटा धरला. पकड पुरेशी होती, मागून साखळी येतच होती. पण चार वर्षांचा राग होता, मी तो घोटा पिळला. त्याचा दम तुटला तो आवाज अजून कानात आहे. आम्ही जिंकलो. भटू पुन्हा खेळला नाही. मशीनवर उभं राहवेना, म्हणून त्याला गेटवर स्टुलावर बसवलं.

मी दर रविवारी त्याच्याकडे जायला लागलो. तेरा वर्षं गेलो. लोक म्हणत, काय दोस्ती आहे! दोस्ती होतीच, पण जायला लावायची ती बोचणी. बशीत चहा ओतताना त्याने डावा पाय धरल्याचं एकदाच विचारलं, "तू डाव्या पायले कसा उना रे भो? तुले कोनी सांगं?" मी म्हणालो, "अंदाज." तो म्हणाला, "अंदाज चांगला व्हता." आणि बशी माझ्यापुढे सरकवली.

तेरावं झाल्यावर भटूच्या बायकोकडे, सुमनवहिनींकडे गेलो. बसलो, उठलो, पुन्हा बसलो, आणि शेवटी सगळं सांगून टाकलं. त्या तांदूळ निवडत होत्या, हात थांबला नाही.

"त्यांना ठाऊक होतं. सायकलस्टँडवर तुम्ही बघत होतात, ते त्यांनी पाहिलं होतं."

"मग माझ्याच अंगावर कसा आला तो?"

"मीही विचारलं होतं. म्हणाले, बाकी सगळे फसले होते, तो एकटाच उरला होता. त्याने पाहिलंय, म्हणजे तो धरेल. पण दुखरा पाय आहे हे माहीत असलेला माणूस पिळणार नाही, असं वाटलं होतं..." तांदळातला खडा बाजूला टाकून म्हणाल्या, "रविवारी तुम्ही गेलात की म्हणायचे, आजही बोलला नाही."

निघताना वहिनींनी भटूची सायकल न्यायला सांगितली, घरात चालवणारं कोणी नाही म्हणून. रस्त्यावर आल्यावर मी डावीकडे उभा राहिलो, मग उजवीकडे. कुठूनही टांग टाकवेना. टोकरखाड्यापासून घरापर्यंत ती हातात धरून चालत आलो. आता ओट्यावर उभी आहे. रविवारी सकाळी मी तिच्यात हवा भरतो, आणि वहिनींकडे चालतच जाऊन येतो.