म्हाताऱ्यांची नवी कॅसेट

आम्ही चौघं जमलो की कुणीतरी म्हणतं, "ते फ्लेक्सचं सांग की." मग फ्लेक्सचं सांगता सांगता लग्नाचं निघतं, लग्नावरून शेतातलं निघतं, आणि चहा गार होतो. घरच्यांना हे सगळं पाठ झालंय. आमचे किस्से दत्ताच्या गोडाऊनमधल्या वायरींसारखे आहेत. एक ओढली की चार बाहेर येतात, आणि टाकून द्यायची कुणाची तयारी नसते. म्हणून म्हटलं, एकदा सगळे ओळीनं सांगून टाकावेत.

दत्ताचा कामशेतला लग्नाच्या साऊंड सिस्टिमचा धंदा आहे. तरुणपणी लोणावळ्याच्या एका बंगल्यावर पार्टीचा साऊंड लावायला गेला होता. पाहुणे सकाळी निघून गेले आणि टेपमध्ये एक कॅसेट विसरून गेले. परदेशातला हेवी मेटल बँड, कमरेपर्यंत केस वाढवलेले पाच जण. दत्ताला त्यातला एक शब्द कळला नाही, पण त्या दिवसापासून तो त्यांचा झाला. बँडचं नाव मी मुद्दामच सांगत नाही, कारण नाव काढलं की कुणीतरी लगेच दुसऱ्या बँडचं नाव काढतो आणि भांडण लागतं. आता त्या पाचांची सत्तरी जवळ आलीय. आम्ही त्यांना नुसतं 'म्हातारे' म्हणतो.

* * *

माझी आणि दत्ताची ओळख सुदुंबऱ्याच्या एका लग्नात झाली. मी तिथं जवळच्याच कंपनीत क्वालिटी इन्स्पेक्टर आहे, आणि लग्न आमच्या सुपरवायझरचं होतं. मांडवात माणसं जमायची होती. दत्तानं स्पीकर तपासायला म्हाताऱ्यांच्या जुन्या गाण्याची सुरुवात लावली. नुसती गिटार आणि ड्रम, मांडवाचं कापड हलायला लागलं. मी नाश्त्याची बशी ठेवून साऊंडच्या मिक्सरकडे निघालो. समोरून पैठणी नेसलेली, गजरा माळलेली एक बाई तरातरा आली.

"बंद का केलं? पुढचं लावा."

दत्ता घाबरला. "मॅडम, पुढचं लावलं तर नवरदेव घोड्यावरनं पडंल."

"पडू दे. गिटारचा सोलो यायचाय अजून."

ही वैशाली. लोणावळ्याला ज्युनिअर कॉलेजात गणित शिकवते. आणि त्या लग्नात ती नवरदेवाची सख्खी बहीण होती.

चौथा किसन. आंदर मावळात, टाकव्याच्या बऱ्याच पुढं त्याचं गाव. भाताची शेती आहे, आणि लग्नसराईत तो दत्ताचा टेम्पो चालवतो. गावच्या भजनात पखवाज वाजवतो. म्हाताऱ्यांचा ड्रमर पहिल्यांदा ऐकल्यावर त्यानं एवढंच विचारलं होतं, "ह्यो पायानं पन वाजवतो व्हय? मग हातानं काय ऱ्हायलं?"

* * *

मध्ये बरीच वर्षं म्हाताऱ्यांचं नवीन काहीच आलं नाही. आम्ही धरून चाललो होतो की आता संपलं. आणि एक दिवस बातमी आली: नवा अल्बम येतोय.

आनंद झाला म्हणावं, तर तसं नव्हतं. दत्ता म्हणाला, "जुनं चांगलंय की आपलं. ह्यांना आता कशाला हौस?" मला वाटलं, वाईट निघाला तर जुन्याचीही चव जाईल. वैशालीनं मात्र शिस्त लावली. अल्बम आला की कुणीही एकट्यानं ऐकायचा नाही. मोबाईलवर तर नाहीच नाही. पुढच्या रविवारी किसनच्या शेतात, दत्ताच्या मोठ्या स्पीकरवर, चौघांनी मिळून ऐकायचा. भात काढून झालं होतं, वावर मोकळं होतं, आणि किसनचं घर वस्तीपासून लांब.

अल्बम आला बुधवारी. गुरुवारी मी बसमध्ये हेडफोन घातला. शुक्रवारी दत्तानं टेम्पोत ऐकला. वैशालीनं कधी ऐकला ते तिनं शेवटपर्यंत सांगितलं नाही, पण रविवारी ती दुसऱ्या गाण्याच्या आधीच तोंड वाकडं करून बसली होती.

शब्द पाळला तो फक्त किसननं. आम्ही त्याचं कौतुक करायला लागलो, तर तो म्हणाला, "पाळला कसला? आमच्याकडं रेंजच न्हाई."

* * *

त्या आठवड्यातलाच फ्लेक्सचा प्रकार. दत्ताला वाटलं, एवढे मोठे लोक परत आलेत, तर कामशेतला कळायला पाहिजे. त्यानं फ्लेक्सवाल्याला पाचांचे फोटो पाठवले, मागं काळा रंग ठेवायला सांगितला आणि निरोप दिला, "वर काहीतरी चांगलं लिही, आपलीच माणसं हायेत."

फ्लेक्सवाल्यानं पाच पांढऱ्या दाढीचे फोटो बघितले. काळा रंग बघितला. त्यानं त्याच्या समजुतीप्रमाणे चांगलं लिहिलं: भावपूर्ण श्रद्धांजली. खाली 'शोकाकुल' म्हणून दत्ताचं नाव आणि आमची तिघांची.

दत्ता एका लग्नाच्या सुपारीला बाहेरगावी होता. फ्लेक्स नाक्यावर सकाळीच लागला. दुपारपर्यंत त्याच्या गोडाऊनवर माणसं येऊन बसायला लागली. दत्ता परत आला तर समोर शेजारचे आबा. त्यांनी त्याचा हात धरला आणि हळूच विचारलं, "पाची एकदमच गेलं? गाडी उलाटली का काय?"

"आबा, गेलं न्हाईत. कॅसेट काडलीय त्यांनी."

आबांनी त्याचा हात सोडला. मग म्हणाले, "जाताना काडून गेलं, बरं केलं."

* * *

रविवारी सकाळी किसनच्या वावरात स्पीकर उभे केले. जनरेटर लांब बांधाखाली ठेवला. किसनची आई ओट्यावर बसून तांदूळ निवडत होती. आम्ही सगळे तिला मावशी म्हणतो. तिला आमचं हे वेड माहीत आहे. गावाजवळच्या बंगल्यांवर येणाऱ्या पाहुण्यांपेक्षा आम्ही बरे, निदान बाटल्या टाकत नाही, असं तिचं मत.

पहिलं गाणं जोरात सुरू झालं. गिटार अगदी तशीच, ड्रमही तसेच. दत्तानं माझ्याकडे बघून मान डोलावली. आणि मग म्हातारा गायला लागला.

पूर्वी हा माणूस एकेक स्वर असा वर न्यायचा की ऐकणाऱ्याचा श्वास अडकावा. आता तो वर गेलाच नाही. जिथं जायची सवय आमच्या कानांना होती, तिथं तो खालच्या खाली, बोलल्यासारखा, जड आवाजात पुढं निघून गेला. आम्ही चौघंही स्पीकरकडे बघत राहिलो, एकमेकांकडे नाही.

मावशी सूप बाजूला ठेवून बांधापर्यंत आली. पूर्ण गाणं तिनं उभ्यानं ऐकलं. मग किसनला म्हणाली, "ह्यो बाबा आजारी हाय का रं?"

वैशाली म्हणाली, "आवाज गेला त्याचा."

"गेला न्हाई मॅडम," किसन म्हणाला. "खाली उतारलाय. डोंगरावरनं मानूस उतारतो तसा."

"उतरायचं होतं तर घरी उतरायचं. आम्हाला कशाला ऐकवायचं?"

मावशीनं दोघांचं ऐकून घेतलं आणि घराकडे वळता वळता म्हणाली, "चांगलं गातोय. निस्ता काडा द्या त्याला."

* * *

अल्बममध्ये सातवं गाणं संथ आहे. पियानो आहे, ड्रम जेमतेम. मला ते आवडलं. वैशालीला त्या गाण्याचा सगळ्यात जास्त राग आला. तिनं आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर संपूर्ण अल्बमची प्रश्नपत्रिकेसारखी तपासणी करून टाकली. गिटारला अमुक, शब्दांना तमुक, आणि सातव्या गाण्याला भोपळा. एकूण काय, तर अल्बम नापास.

दत्तानं लगेच अर्ज केला, "मॅडम, ड्रमर सत्तरीला आलाय आन दोन्ही पाय हलवतोय. त्याला क्रीडा गुण द्या."

इथपर्यंत हसण्यावारी चाललं होतं. मग दत्तानंच मेख मारली. त्याचं म्हणणं पडलं की म्हाताऱ्यांचा काही दोष नाही, मिक्सिंगवाल्यानं घाण केलीय. ड्रमच्या झांजा ऐकूच येत नाहीत. नुसता बेस भरलाय.

वैशालीनं लिहिलं, मिक्सिंग तेवढंच चांगलं आहे. झांजा स्वच्छ आहेत.

दत्ता म्हणाला, तो साऊंडमध्ये आयुष्य घालवून बसलाय, त्याला गणिताच्या बाईनं झांजा शिकवू नयेत.

वैशालीनं उत्तर दिलं, "तुझे कान गेलेत, दत्ता. डीजे वाजवून वाजवून गेलेत." आणि ती ग्रुपमधून बाहेर पडली.

दत्तानं मला फोन केला. तो चिडलेला नव्हता, हेच मला चमत्कारिक वाटलं. त्यानं विचारलं, "इन्स्पेक्टर, खरं सांग. झांजा हायेत त्यात?"

मी म्हणालो, "आहेत."

तो म्हणाला, "बरं. जेवलास का?"

* * *

पुढं महिनाभर दोघं बोलले नाहीत. मग कामशेतच्या एका लग्नात, मंगलाष्टकांच्या मधोमध, माईकनं शिट्टी मारली. बारीक, कानात सुई घातल्यासारखी. पोरांनी कान झाकले, भटजींनी अंतरपाट सोडला, नवरीनं हार फेकून कानावर हात ठेवले. दत्ता मिक्सरपाशी शांत उभा होता. तो माणसांकडे बघत होता की ही सगळी अशी का करतायत. किसन जेवणावरून उठून पळत आला आणि त्यानं बटण खाली ओढलं.

तळेगावच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की बारीक, वरचे आवाज दोन्ही कानांना येत नाहीत, आणि ते आता परत येणार नाहीत. मी आणि किसन त्याच्याबरोबर होतो. दत्तानं डॉक्टरांना विचारलं, "बेस जाणार का?"

"बेस राहील."

"मग चालतंय की," असं म्हणून तो उठला. गाडीत बसल्यावर मात्र त्यानं किसनला सांगितलं, "पुढच्या सुपाऱ्या घिऊ नको."

हे वैशालीला किसननं सांगितलं. ती काय म्हणाली ते मला माहीत नाही. पण आधी घेतलेली एक सुपारी बाकी होती, शनिवारच्या लग्नाची. त्या लग्नात मिक्सरशेजारी खुर्ची टाकून ती येऊन बसली. माफीबिफी काही नाही. चार तासांत ती दत्ताशी मोजकंच बोलली. "ट्रेबल कमी कर." "माईक मागं घे." "आता बरोबर."

यजमानांनी दत्ताला बाजूला घेऊन विचारलं, "ह्या बाई कोण?"

दत्तानं शर्टची कॉलर सारखी केली. "आमच्या साऊंड इंजिनियर. लोणावळ्यावरनं मागवल्यात."

तेव्हापासून सुट्टीच्या दिवशी लग्न असलं की ती येते. इतर दिवशी किसनचे कान. दत्ताचा धंदा चालू आहे, आणि गेल्या सीझनला तर कामशेतात त्याच्याइतका स्वच्छ साऊंड कुणाचा नव्हता, असं मी क्वालिटीचा माणूस म्हणून सांगतो.

* * *

पुढच्या दिवाळीनंतर दत्तानं कानाची मशीन घेतली. बायकोनं घ्यायला लावली. मशीन बसवली त्याच्या दुसऱ्या दिवशी त्यानं आम्हाला गोडाऊनवर बोलावलं. आम्हाला वाटलं, बंगल्यावर सापडलेली ती पहिली कॅसेट लावणार. त्यानं नवा अल्बम काढला, आणि तोही पहिल्यापासून नाही. सातवं गाणं.

वैशाली भिंतीला टेकून उभी राहिली.

दत्ता स्पीकरसमोर स्टुलावर बसला. हात गुडघ्यांवर. झांजा आल्या तेव्हा त्याची मान किंचित वर झाली, बाकी काही नाही. गाणं हळूहळू संपलं. पियानोचा शेवटचा सूर विरला आणि पुढचं सुरू व्हायच्या आत त्यानं बंद केलं.

मग आमच्याकडे वळून म्हणाला, "शेवटाला म्हातारा हसतोय. तुमी कुनी सांगितलं न्हाई मला."

मी म्हणालो, "कुठं हसतो?"

"पियानो थांबल्यावर. बारीक. हं हं, असा."

त्यानं परत लावलं. मी स्पीकरला कान लावला. पियानो थांबला, आणि मग काही नाही. किसननं दुसऱ्या स्पीकरला कान लावला, डोळे मिटले, आणि नाही म्हणून मान हलवली. तिसऱ्यांदा लावलं. मी हेडफोन घालून ऐकलं. मला विचाराल, तर तिथं काहीही नाही.

दत्ता आमच्या तोंडाकडे बघत होता. त्याचा हात मशीनकडे गेला. "हिचाच काय तरी आवाज आसंल," तो म्हणाला आणि ती काढायला लागला.

"थांब," वैशाली म्हणाली. ती पुढं आली, माझ्याकडून हेडफोन घेतला आणि ते गाणं शेवटपर्यंत ऐकलं. पूर्ण. मग हेडफोन काढून ठेवला.

"हसतो की," ती म्हणाली. "मला पहिल्याच दिवशी ऐकू आलं होतं."